कण्हेर विका, पण बिल करायच्या आधी एक गोष्ट सांगा



"नर्सरी सुरू करायचीय, भांडवल कमी आहे, पहिलं रोप कोणतं करू?" हा प्रश्न प्रत्येक बॅचमध्ये येतो. माझं उत्तर ठरलेलं आहे: कण्हेर. व्हिडिओत काड्या कशा लावायच्या ते दाखवलंय. इथे हिशोब सांगते, आणि व्हिडिओत घाईत राहून जातो तो भागही: हे झाड विषारी आहे आणि तरी ते आपल्याला विकायचंय.

आधी झाड का चांगलं ते बघा. मे महिन्यात हायवेने जाताना दुभाजकावर नजर टाका. ऊन, धूळ, धूर आणि पाण्याचे वांधे, तरी गुलाबी-पांढरी फुलं डोलत असतात. दुभाजकावर कण्हेर लावतात ती उगाच नाही. पाणी कमी लागतं, पानं कडू म्हणून जनावर सहसा तोंड लावत नाही आणि दाट वाढल्यामुळे समोरच्या गाडीच्या लाइटचा झोत अडतो. जे झाड तिथे टिकतं ते नवख्या माणसाच्या हातून सहज मरत नाही. आपल्याला हेच हवंय.

रोप काडीपासून करायचं. फार कोवळी नाही, फार जून नाही, अशी पेन्सिलीएवढी जाड फांदी घ्या. वीतभर काडी डोळ्याच्या जरा खाली कापा, खालची पानं काढा आणि वर दोन-तीन ठेवा. चीक निथळू द्या. माती, वाळू आणि कोकोपीट सम प्रमाणात पिशवीत भरून काडी खोचा आणि सावलीत ठेवा. पावसाळ्यात साधारण महिनाभरात मुळं धरतात. नंतर मात्र सावली बंद, दिवसाचं किमान सहा तास कडक ऊन द्यायचं. "झाड वाढतंय पण फुलत नाही" अशी तक्रार घेऊन येणाऱ्याची कुंडी बहुतेक वेळा बाल्कनीच्या कोपऱ्यात सावलीत असते. दुसरं कारण म्हणजे छाटणी न करणं. फुलं नव्या फुटीवर येतात, म्हणून बहर ओसरला की शेंडे छाटायचे. कोवळ्या शेंड्यांवर पिवळाधमक मावा दिसला तर पाण्याचा जोरदार फवारा मारा, राहिला तर निंबोळी तेल. कुंडीत पाणी साचू देऊ नका. बस, एवढीच निगा.

आता पैसे. समजा पिशवी, माती, मजुरी धरून एका काडीला 12 रुपये खर्च आला. 100 काड्यांचे झाले 1200. त्यातल्या 70 जगल्या. मग एक रोप तुम्हाला 12 ला पडलं का? नाही, 17 ला पडलं. मेलेल्या 30 काड्यांचा खर्च जगलेल्यांनीच भरायचा असतो. 40 रुपयांना विकलं तर सुटतात 23, आणि त्यातून जागेचं भाडं आणि पाणी अजून जायचंय. नवीन माणूस 28 सुटले म्हणून खूश होतो आणि वर्षाअखेर गल्ल्यात पैसे का नाहीत ते शोधत बसतो.

आता विष. पान, फूल, खोड, मूळ, चीक, कण्हेरीचं काहीच खायचं नाही. यातली द्रव्यं थेट हृदयावर काम करतात. उलट्या, पोटदुखी, चक्कर, मग ठोके मंदावतात, बिघडतात. पान वाळलं तरी विष जात नाही. जाळलं तर धूरही त्रास देतो, म्हणून छाटलेल्या फांद्या चुलीत किंवा शेकोटीत घालायच्या नाहीत. गोठ्याजवळ टाकायच्या नाहीत, कारण वाळकी पानं कडब्यात मिसळली की जनावराला निवडून बाजूला काढता येत नाहीत. मी सरळ खड्ड्यात पुरते. काम करताना हातमोजे घाला, डोळे चोळू नका, नंतर साबणाने हात धुवा.

केरळमध्ये कण्हेरीला अरळी म्हणतात. 2024 च्या मे महिन्यात त्रावणकोर आणि मलबार या दोन्ही देवस्वम बोर्डांनी नैवेद्य-प्रसादात अरळीची फुलं वापरणं थांबवलं. त्याआधी एका तरुण नर्सचा मृत्यू झाला होता आणि तिने अरळीची पानं चघळली असावीत असा संशय होता. आपल्याकडे महादेवाला, गणपतीला कण्हेर वाहतात, त्यासाठीच कित्येक आजी रोप मागायला येतात. द्यायचं की! फक्त सांगायचं: "आजी, फूल देवाला वाहा, पण तीर्थात नको आणि प्रसादाच्या ताटात नको." आजीला राग येत नाही. उलट ती पुढच्या वेळी सुनेला घेऊन येते.

काही जण म्हणतात, "मॅडम, विषारी म्हटलं की गिऱ्हाईक पळतं." काही पळतात, खरं आहे. पण तुम्ही गप्प राहून विकलं आणि घरी गेल्यावर मोबाइलवर वाचलं, तर ते माणूस तुमच्याकडून तुळससुद्धा घेणार नाही. आणि हे फक्त धंद्यापुरतं बोलले. रांगणारं मूल दिसेल ते तोंडात घालतं, त्याला कडू कळेपर्यंत वेळ गेलेली असू शकते.

म्हणून आमच्याकडे बिलाआधी दोन प्रश्न ठरलेले आहेत: घरात लहान मूल आहे का? गाय, शेळी, कुत्रा? उत्तर "हो" आलं की जास्वंद, मोगरा किंवा एक्झोरा दाखवायचं. एका सोसायटीला खेळाच्या जागेभोवती 60 रोपं हवी होती. तिथे मी कण्हेर दिली नाही. खेळाच्या जागेला एक्झोरा आणि पार्किंगमागच्या भिंतीला कण्हेर असं सुचवलं. कमिटीने पार्किंगचं रद्द केलं, एक्झोरा घेतला. ऑर्डर लहान झाली, पण झाली.

पिवळी कण्हेर, म्हणजे बिट्टी, मी दुकानात ठेवतच नाही. तिच्या बिया तर फारच घातक आणि पोरं त्याच बियांनी खेळतात. अॅडेनियम ठेवते, पण तेही त्याच कुळातलं, तेव्हा दोन प्रश्न तिथेही लागू.

प्रत्येक कुंडीला मराठीत चिठ्ठी लावा: "विषारी. खाऊ नये. मुलं-जनावरं लांब ठेवा." त्याखाली दुसरी ओळ: "कोणी खाल्लं तर घरचे उपाय, मीठपाणी पाजून उलटी काढणं नको. 108 ला फोन करा, नाहीतर लगेच हॉस्पिटल गाठा, सोबत झाडाची फांदी पिशवीत घालून न्या." डॉक्टरांना नेमकं झाड कळलं की वेळ वाचतो. चिठ्ठी लॅमिनेट करून तारेने खोडाला बांधा. कागदी चिठ्ठी पहिल्याच पावसात धुऊन जाते.