‘बोलला’ आणि ‘बोले’

स्पॅनिशमध्ये ‘आब्लार’ म्हणजे बोलणे. ‘आब्लो’ म्हणजे तो बोलला. ‘आब्लाबा’ म्हणजे तो बोलत असे किंवा बोलत होता. दोन्ही भूतकाळच; पण पहिला घडून संपलेला, दुसरा चालत राहिलेला. इच्छा सांगायची तर ‘आब्ले’: त्याने बोलावे. एकच धातू, काळ आणि अर्थ प्रत्यय ठरवतो.

आपल्या व्याकरणातही हे आहेच. ‘बोलला’ हे लाख्यात, ‘बोलावे’ हे वाख्यात आणि ‘बोले’ हा रीतिभूतकाळ. ज्ञानेश्वरांच्या मराठीत ‘बोले’ वर्तमानकाळी होते. पुढे ‘बोलतो’ने ती जागा घेतली आणि ‘बोले’ गतकाळातील सवय सांगू लागले. १९११ साली प्रसिद्ध झालेल्या मोरो केशव दामले यांच्या ‘शास्त्रीय मराठी व्याकरणा’त क्रियापदाच्या रूपांची अशी तपशीलवार चर्चा आहे.

आज शहरी बोलण्यात ‘बोले’ मागे पडले. तिथे ‘बोलायचा’ चालते. नांदुरा तालुक्यातल्या वडनेर भोलजीच्या परिसरातील वऱ्हाडीत मात्र ‘माही आजी रोज सांगे’ असे सहज ऐकू येते. असे रूप अशुद्ध म्हणून खोडले, की एक शब्द नव्हे, काळाचा एक भेदच पुसला जातो. स्पॅनिश शिकणारा हाच भेद तक्ते घोकून मिळवतो. इथल्या मुलाला तो आजीकडून आयता मिळालेला असतो.