मधुमेहाचा हजेरीपट
कुवेतमध्ये मधुमेह फार. तेथे २००६ साली दसमान मधुमेह संस्था सुरू झाली. पुढे स्कॉटलंडच्या डंडी विद्यापीठाच्या साथीने दोन कामे जोडीने हाती घेतली गेली. रुग्णांच्या नोंदी संगणकावर एकत्र आणणे आणि डॉक्टर-परिचारिकांना शिकवणे. अशा नोंदीत साखर, डोळे, पाय, मूत्रपिंड यांच्या तपासण्या एकाच जागी दिसतात. कोणाचे डोळे वर्षभर तपासलेले नाहीत हे दवाखान्याला कळते, आणि जिथे उणे पडते तेच शिकवता येते. आम्हा शिक्षकांचा हजेरीपट हेच करी. मात्र गैरहजर मुलाच्या घरी निरोप माणसानेच धाडायचा असे. आपल्या कुपात खोलीममध्येही संगणक आहे. तरी पुढच्या भेटीत आपण स्वतःच विचारू या, आमचे डोळे आणि पाय शेवटचे कधी तपासले?