कंपवाताची न दिसणारी बाजू

कंपवात म्हटला कीं हात थरथरणारा, पाय फरफटत चालणारा, पाठींत वांकलेला वृद्ध मनुष्य आपल्या डोळ्यांपुढें उभा राहतो. रोगाचें नांवच मुळीं कंपावरून पडलेलें. तेव्हां जेथें कंप नाहीं तेथें रोग नाहीं, असा समज सुशिक्षित घरांतूनही रूढ असल्यास नवल नाहीं. हा समज किती अपुरा आहे हें आमच्या घरीं आम्हांस फार उशिरां कळलें. आणि तें कळेपर्यंत एका सज्जन माणसावर आमच्या हातून जो अन्याय झाला, त्याची आठवण अजून बोचते.

आमचे थोरले काका गणिताचे शिक्षक. स्वभाव करडा, पण न्यायी. त्यांचें नाक घरांत प्रसिद्ध होतें. काकू तूप कढवीत असतां तें केव्हां उतरवावें हें ते ओसरीवर वर्तमानपत्र वाचतां वाचतां नुसत्या वासावरून सांगत. २००९ च्या सुमारास हेच काका तुपाला वास नाहीं म्हणून कुरकुरूं लागले. "लोणी बाहेरून आणलेंस वाटतें?" असें त्यांनीं एकदां पानावर बसल्या बसल्या विचारलें. चाळीस वर्षें घरच्या विरजणाचें तूप करणाऱ्या काकूंच्या डोळ्यांत पाणी आलें. मग दूधवाला बदलला, फुलवाल्याशीं वाद झाला. पूजेच्या चाफ्यालाही म्हणे वास नाहीं. एके दिवशीं स्वयंपाकघराच्या दाराशीं ते बसले असतां आंत दूध उतूं जाऊन करपलें. घरभर धूर झाला, तरी ते जागचे हलले नाहींत. "मुद्दाम केलें," असें माझी आई म्हणाली, आणि आम्हां सर्वांना तें खरें वाटलें.

पुढें तीन वर्षांनीं रात्रीचा प्रकार सुरू झाला. जन्मांत ज्यांनीं कोणाला अपशब्द बोलला नाहीं, ते झोपेंत ओरडूं लागले, लाथा झाडूं लागले. सकाळीं विचारावें तर म्हणत, चोर मागें लागला होता. एका रात्रीं काकूंची बांगडी फुटून मनगटांत कांच रुतली. त्यांनीं आम्हांला सांगितलें, मोरींत घसरलें. कोणी अपचनाचें निदान केलें, कोणी घरांत शांत करण्याचा सल्ला दिला. दरम्यान इसबगोलाचे डबे वाढत होते. रोज सायंकाळीं वाचनालयांत जाणें बंद झालें. बोलणें कमी झालें. या सगळ्याला आम्हीं एकच नांव दिलें: म्हातारपण. २०१७ सालीं डाव्या हाताचा आंगठा थरथरूं लागला, तेव्हां कोठें आम्ही मज्जाविकारांच्या डॉक्टरांकडे गेलों. त्या गृहस्थांनीं हाताकडे पाहण्यापूर्वीं दोनच प्रश्न विचारले: वास येतो का, आणि झोपेंत हातपाय झाडतात का? काकू त्यांच्याकडे पाहतच राहिल्या.

या रोगाचें पहिलें व्यवस्थित वर्णन लंडनमधील जेम्स पार्किन्सन या वैद्यानें १८१७ सालीं केलें. त्याच्या निबंधांत अवघे सहा रोगी आहेत, आणि त्यांतील कांहीं तर त्यानें केवळ रस्त्यावर पाहिलेले! ज्ञानेंद्रियें व बुद्धि यांना या रोगांत धक्का लागत नाहीं, असें त्यानें आरंभींच सांगून टाकलें. गंमत अशी कीं, झोपमोड व मलावरोध यांचा उल्लेख त्याच निबंधांत आहे. पण पुढील वैद्यांची नजर थरथरत्या हातावर जी खिळली, ती दीर्घकाळ हलली नाहीं.

आज जें ज्ञात आहे तें असें. मेंदूच्या खालच्या भागांत पेशींचा एक काळसर पट्टा आहे. तेथें डोपामिन नांवाचें द्रव्य तयार होतें. या पेशी मोठ्या प्रमाणावर नष्ट झाल्या म्हणजे हालचाल मंदावते, स्नायु ताठरतात, कंप येतो. परंतु रोगाचें मूळ त्या पट्ट्यापुरतें मर्यादित नाहीं. १९१२ मध्यें लेवी या जर्मन संशोधकानें रोग्यांच्या मेंदूंतील पेशींत सूक्ष्म गोळे पाहिले. ते मुख्यतः अल्फा-सिन्यूक्लिन या प्रथिनाचे असतात हें १९९७ मध्यें सिद्ध झालें. २००३ मध्यें ब्राक व त्यांच्या सहकाऱ्यांनीं पुष्कळ मृतांचे मेंदू तपासून असें मत मांडलें कीं, हे गोळे प्रथम घ्राणेंद्रियाच्या मुळाशीं, आणि मेंदूच्या बुडाशीं जेथून आंतड्यांकडे जाणारी मज्जा निघते तेथें दिसतात; काळसर पट्ट्याची पाळी नंतर येते. प्रत्येक रोग्याच्या बाबतींत हा क्रम जुळतोच असें नाहीं. तरीही काकांचें नाक, कोठा, झोप आणि शेवटीं आंगठा हा क्रम मीं ज्या दिवशीं प्रथम वाचला, त्या दिवशीं मला जेवण गेलें नाहीं.

झोपेची गोष्ट विशेष लक्षांत घेण्यासारखी आहे. स्वप्न पडत असतां निसर्ग आपले स्नायु जणूं कुलूपबंद करून ठेवतो. म्हणून स्वप्नांत धांवणारा मनुष्य अंथरुणांत स्वस्थ पडलेला असतो. हें कुलूप बिघडलें म्हणजे स्वप्न अंगांत उतरतें. अमेरिकेंतील मिनेसोटा येथें शेंक व माहोवाल्ड यांनीं १९८६ मध्यें या विकाराचें वर्णन केलें. अशा २९ वयस्क पुरुषांवर त्यांनीं लक्ष ठेवलें, तों १९९६ पर्यंत ३८ टक्क्यांना कंपवाताच्या जातीचा रोग झालेला आढळला. आणखी १६ वर्षांचा हिशेब २०१३ मध्यें प्रसिद्ध झाला, तेव्हां असा रोग किंवा बुद्धिभ्रंश झालेल्यांचें प्रमाण ८१ टक्क्यांवर गेलें होतें. मलावरोधाचें प्रमाण इतकें जबर नाहीं. हवाई बेटांतील जपानी वंशाच्या ६,७९० पुरुषांची पाहणी २००१ मध्यें प्रसिद्ध झाली. तींत ज्यांना रोज एकदांही शौचास होत नसे, त्यांना हा रोग होण्याचा संभव रोज एकदां होणाऱ्यांच्या मानानें २.७ पट दिसला.

येथें वाचकांनीं घाबरून जाऊं नये. मलावरोध कोणाच्या घरीं नाहीं? उतारवयांत, जुनाट पडशानें, आणि २०२० नंतर तर करोनाच्या साथीमुळें कितीएकांचा वास गेला. त्यांतील बहुतेकांना कंपवाताशीं कांहीं कर्तव्य नाहीं. एकटें लक्षण फारसें बोलत नाहीं. दोन-तीन लक्षणें एकाच माणसांत येऊन ठाण मांडून बसलीं, आणि विशेषतः झोपेंत हातपाय झाडणें त्यांत असलें, तर मात्र डॉक्टरांच्या कानावर घालावें.

निदान झालें त्या दिवशीं डॉक्टरांनीं काकूंना एक वही घालण्यास सांगितलें. "मी यांना दहा मिनिटें पाहतों, तुम्ही चोवीस तास पाहतां," असें ते म्हणाले. काकूंनीं जमाखर्चाची जुनी वही काढली आणि रकाने आंखले: झोप, कोठा, चक्कर, मन, थकवा. त्या वहीमुळें मला एक गोष्ट कळली, ती अशी कीं, हीं लक्षणें सारीं एका चालीनें चालत नाहींत. वासाचा रकाना त्यांनीं पहिल्या महिन्यांतच सोडून दिला, कारण तेथें रोज तेंच. गेलेला वास गेलेलाच राहिला. (स्वयंपाकघरांत गॅसची गळती ओळखणारी घंटा मात्र बसविली.) मनाचा रकाना पहिल्या वर्षीं काळवंडलेला होता, औषध लागू पडून हात चालूं लागला, तसा तो पुष्कळ उजळला. झोपेंतले हल्ले कधीं महिनाभर नाहींसे, कधीं आठवड्यांत चार. कोठा हळूहळू जड होत गेला. आणि जो चक्करेचा रकाना दोन वर्षें कोरा होता, तो तिसऱ्या वर्षीं भरूं लागला: स्नानाहून उठतांना, जेवणानंतर. डॉक्टरांनीं निजवून व मग उभें करून रक्तदाब मोजला. उभें राहतांच वरचा आंकडा २० हून अधिक उतरत होता. म्हणजे पडण्याचें भय कंपापेक्षां याच कारणानें अधिक होतें.

आमचें एक घर झालें. मोठ्या प्रमाणावर काय दिसतें? अमेरिका व युरोप येथें २०१० मध्यें सुरू झालेल्या एका अभ्यासांत नुकतेंच निदान झालेले, औषध न घेतलेले ४२३ रोगी व १९६ निरोगी माणसें घेतलीं गेलीं. झोप, मन, थकवा, कोठा, चक्कर इत्यादि १३ बाबींस मिळून ५२ गुणांची एक मोजपट्टी आहे. गुण जितके अधिक तितका त्रास अधिक. रोग्यांचा सरासरी आंकडा आरंभीं साडेपांचच्या आसपास होता, तो दोन वर्षांत साडेसातच्या वर गेला. निरोगी मंडळींचा तीनच्या आसपास जेथल्या तेथें राहिला. वाढ लहान दिसते. पण चक्कर, थकवा व उदासपणा यांचे दोन गुण घरांत किती जागा व्यापतात, हें ज्यांनीं भोगलें तेच जाणोत.

औषधांविषयीं थोडें. लेव्होडोपा हें मुख्य औषध हालचालीला उत्तम. मात्र वास, कोठा यांवर त्याचा विशेष इलाज चालत नाहीं, आणि रक्तदाब तर त्यानें अधिकही उतरूं शकतो. हेंच द्रव्य आपल्या खाजकुइलीच्या बियांत असल्याचें मद्रास येथील दामोदरन व रामस्वामी यांनीं १९३७ मध्यें दाखविलें. म्हणून शेजारचे एक गृहस्थ काकांना बियांचें चूर्ण आणून देत. दोन्ही एकदम पोटांत गेल्यास मात्रेचा मेळ राहत नाहीं, असें डॉक्टरांनीं बजावल्यावर तें बंद केलें. डोपामिनचें सोंग घेणारीं दुसरीं कांहीं औषधें आहेत. त्यांच्या योगानें एखादा काटकसरी मनुष्य एकाएकीं उधळ्या होतो, जुगाराच्याही नादीं लागतो. असें घडल्यास तो स्वभाव न समजतां औषध समजावें आणि लगेच कळवावें. मनानें मात्र तें बंद करूं नये.

काका आतां ७८ वर्षांचे आहेत. त्यांची गादी जमिनीवर आहे, उशाजवळचें मेज हलविलें आहे, आणि काकू पलीकडच्या खाटेवर निजतात. एकदां ते आपण होऊन म्हणाले, "अगं, तुपाला वास होता ना तेव्हां?" काकू नुसतें "हो" म्हणाल्या आणि वाढूं लागल्या.

गेल्या महिन्यांत वहीला एक रकाना वाढला आहे. संध्याकाळीं दिवे लावण्याच्या सुमारास, कपाटाजवळ कोणी उभें आहे असें काकांना दोनदां वाटलें. दोन्ही वेळां त्यांनीं स्वतःच सांगितलें, कोणी नाहीं हें मला ठाऊक आहे. काकूंनीं तारीख व वेळ लिहून ठेवली आहे. मंगळवारीं डॉक्टरांकडे जावयाचें आहे.