‘रोजची’ भाकर: एका ग्रीक शब्दाचा माग

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत भाकरीचे मागणे आहे. मराठी बायबलात त्या भाकरीला ‘रोजची’ हे विशेषण लावलेले आपण वाचतो. तिथला मूळ ग्रीक शब्द ‘एपिऊसिओस’ असा आहे. त्याचा अर्थ खरोखर ‘रोजचा’ आहे का, हे तपासायला ग्रीक यायलाच हवी असे नाही. पायऱ्या मात्र क्रमाने चढाव्या लागतात.

१. शब्द कुठे येतो ते पाहावे. यासाठी शब्दसूची वापरतात. ग्रंथातला प्रत्येक शब्द कोणत्या अध्यायात आणि वचनात आला आहे, याची ती यादी असते. एपिऊसिओस नव्या करारात दोनच जागी सापडतो: मत्तय ६:११ आणि लूक ११:३. दोन्हीकडे प्रार्थना हीच. तिसऱ्या शतकातला ओरिगेन स्वतः ग्रीकमध्ये लिहिणारा विद्वान होता. हा शब्द ग्रंथकारांकडे आढळत नाही आणि लोकांच्या बोलण्यातही नाही, तो शुभवर्तमानकारांनीच, म्हणजे येशूचे चरित्र लिहिणाऱ्यांनीच, घडवलेला दिसतो, असे त्याने नोंदवले आहे.

२. साधा शब्द उपलब्ध होता का, ते विचारावे. होता. ‘दररोजचा’ यासाठी ग्रीकमध्ये ‘कथेमेरिनोस’ आहे. प्रेषितांची कृत्ये ६:१ मध्ये विधवांना रोज होणाऱ्या वाटपासाठी तोच आला आहे. हाताशी असलेला शब्द सोडून वेगळा शब्द का घेतला, हा खरा प्रश्न इथे उभा राहतो.

३. शब्दाची फोड करावी. ‘एपि’ म्हणजे वर, साठी किंवा पुढे. उरलेला भाग ‘ऊसिया’ (अस्तित्व, सत्त्व) मानला, तर ‘जगण्यापुरती’ भाकर होते. तो ‘येणे’ या क्रियापदाशी जोडला, तर ‘येणाऱ्या दिवसाची’ भाकर होते. कृत्ये १६:११ मध्ये ‘दुसऱ्या दिवशी’ यासाठी याच क्रियापदापासून झालेला शब्द आहे.

बहुतेकांची चूक याच पायरीवर होते. फोड जमली की अर्थ सापडला, असे वाटू लागते. पण आपली मराठी पाहा. ‘कुशल’ म्हणजे मुळात कुश नावाचे गवत नेमके खुडून आणणारा, आणि ‘प्रवीण’ म्हणजे वीणावादनात निपुण, अशी व्युत्पत्ती सांगतात. तरी कुशल गवंड्याला आपण गवताबद्दल विचारत नाही. शब्दाचा अर्थ वापराने ठरतो. फोड फक्त शक्यता सुचवते.

४. जुनी भाषांतरे शेजारी ठेवावीत. चौथ्या शतकाच्या अखेरीस जेरोम या विद्वानाने लॅटिन शुभवर्तमाने सुधारली. या एकाच शब्दासाठी त्याने लूकमध्ये ‘रोजची’ ठेवले आणि मत्तयमध्ये ‘सत्त्वापलीकडची’ अशा अर्थाचा शब्द घातला. एका जुन्या इब्री शुभवर्तमानात इथे ‘उद्याची’ आहे, असेही तो सांगतो. पेशित्ता या सिरियाक भाषेतल्या बायबलात ‘आमच्या गरजेची’ असा अर्थ घेतला आहे.

५. नव्या पुराव्याचीही खातरजमा करावी. इजिप्तमधल्या एका पपायरसवर, म्हणजे लव्हाळ्यापासून बनवलेल्या जुन्या कागदावर, घरखर्चाची यादी होती. तिच्यात एपिऊसिओस हा शब्द असल्याचे १८८९ मध्ये छापून आले. पुढे तो कागद हरवला, तरी अनेक दशके अभ्यासक त्याचा आधार देत राहिले. १९९८ मध्ये तो अमेरिकेत येल विद्यापीठाच्या ग्रंथालयात सापडला. पुन्हा वाचल्यावर तिथे ‘एलाइऊ’, म्हणजे ‘तेलाचे’, असा शब्द निघाला! मूळ न पाहता दाखला पुढे नेणे किती महाग पडते, ते यावरून कळते.

६. शेवटी संदर्भाकडे यावे. जुन्या करारातल्या निर्गम या पुस्तकाच्या १६व्या अध्यायात रानातल्या लोकांना मान्ना हे अन्न त्या-त्या दिवसापुरतेच गोळा करायला सांगितले आहे, साठवलेले नासले. नीतिसूत्रे ३०:८ मध्येही संपत्ती नको, गरजेपुरते अन्न हवे, असे मागणे आहे. या संदर्भात ‘आजच्या गरजेची’ आणि ‘उद्याची’ हे दोन्ही अर्थ टिकतात. कोठार भरण्याचे मागणे मात्र त्यात कुठेच बसत नाही.

म्हणून ‘रोजची’ हे भाषांतर चूक म्हणता येत नाही. ते अनेक शक्यतांपैकी एक आहे. पुढच्या वेळी कोणी आपल्याला ग्रीक शब्दाचा ‘खरा अर्थ’ सांगितला, तर आधी एवढेच विचारावे: हा शब्द आणखी कुठे आला आहे?