दुर्बीण नक्की कोणाकडे?

'आय सॉ द मॅन विथ द टेलिस्कोप.' दुर्बीण बघणाऱ्याकडे, की त्या माणसाकडे? आपण संदर्भावरून ठरवतो आणि पुढे वाचतो. कॉम्प्युटरला मात्र इथे वाक्यरचनेचे दोन वेगळे वृक्ष दिसतात: एकात 'विथ द टेलिस्कोप' क्रियापदाला लटकतं, दुसऱ्यात 'मॅन'ला.

खरी गंमत पुढे आहे. शेवटी 'ऑन द हिल' जोडा, रचना होतात ५. मग 'इन द पार्क' जोडा, १४. त्यापुढे ४२, १३२... यांना कॅटलान संख्या म्हणतात. केनेथ चर्च आणि रमेश पाटील यांनी १९८२ मध्ये यावर लिहिलेला निबंध अजूनही वाचनीय आहे.

एवढ्या रचना एकेक करून तपासायच्या म्हणजे संपलंच! म्हणून सीकेवाय नावाची पद्धत छोट्या तुकड्यांची उत्तरं तक्त्यात भरते आणि तीच पुन्हा वापरते.

पण त्यातली बरोबर कोणती? इथे नुसत्या नियमांनी भागत नाही. पेन ट्रीबँक नावाच्या संग्रहात 'वॉल स्ट्रीट जर्नल'मधल्या सुमारे १० लाख शब्दांच्या मजकुराचे वृक्ष माणसांनी तपासून ठेवलेत. कोणतं क्रियापद कशाशी जुळतं, हे पार्सर, म्हणजे वाक्याची रचना शोधणारे प्रोग्रॅम, त्यावरून शिकले. (शेअर बाजाराच्या बातम्यांवर इंग्रजी व्याकरण!) तरीही पार्सरच्या चुका चाळल्यात तर चुकीच्या जागी लटकलेले 'विथ' आणि 'इन' हमखास सापडतात.