जुन्या गाडीचा एसी आणि गॅसवरचं खापर

मार्च उजाडला की गाड्यांच्या एसीवाल्यांकडे रांग लागते, आणि रांगेतल्या बहुतेकांनी रोगाचं नाव घरूनच ठरवून आणलेलं असतं. “गॅस संपलाय, भरून द्या.” एसीवालाही वाद घालत बसत नाही. नळी लावतो, बाटली उलटी करतो, हवा गार येते, पैसे घेतो. पुढच्या मार्चमध्ये तेच गिऱ्हाईक परत हजर. दहा-पंधरा वर्षं वापरलेल्या सँट्रो, झेन, वॅगन आर, इंडिकाच्या मालकांनी तर ‘दरवर्षी गॅस भरावाच लागतो’ हे इंजिन ऑइल बदलण्याइतकं सवयीचं करून घेतलंय.

गॅस हे इंधन नव्हे. तो जळत नाही, खर्चही होत नाही. कॉम्प्रेसर त्याला दाबतो, पुढच्या जाळीमागच्या कंडेन्सरमध्ये तो उष्णता बाहेर टाकून पातळ होतो, एक्स्पान्शन वॉल्वच्या बारीक भोकातून सुटून डॅशबोर्डमागच्या कूलिंग कॉइलमध्ये उकळतो, उकळताना केबिनमधली उष्णता शोषतो आणि पुन्हा कॉम्प्रेसरकडे जातो. तोच गॅस वर्षानुवर्षं फिरत असतो. रबरी होजमधून आणि कॉम्प्रेसरच्या सीलमधून तो अगदी थोडा थोडा झिरपतो, त्यामुळे काही वर्षांनी गारवा किंचित उतरला तर नवल नाही. पण दर उन्हाळ्यात भरावा लागत असेल तर कुठेतरी गळती आहे. लहान गाडीत मुळात तो असतोच अर्ध्या किलोच्या आसपास.

गळतीची खूण बऱ्याचदा डोळ्यांना दिसते. गॅसबरोबर कॉम्प्रेसरचं तेलही बाहेर येतं, जोडावर तेलकट डाग पडतो आणि त्यावर धूळ बसून काळं पुट चढतं. नायट्रोजनचा दाब देऊन साबणाचं पाणी लावलं की तिथे फेस येतो. अडचण होते ती कूलिंग कॉइल गळत असेल तेव्हा. ती डॅशबोर्डच्या पोटात असते, वरून दिसत नाही आणि बदलायची तर अनेक गाड्यांत अर्धा डॅशबोर्ड उतरवावा लागतो. म्हणून मालक आणि मेकॅनिक दोघंही त्या कामाला हात घालायचं टाळतात आणि दरवर्षी बाटली उलटी होते.

“मीटर लावून बघितलं, गॅस फुल आहे”

इंजिन बंद असताना लावलेल्या मीटरवरून हे कुणी सांगितलं तर मान डोलावू नका. आत थोडासा जरी पातळ गॅस शिल्लक असला तरी दाब ठरतो तो तापमानावर. आर-१३४ए या गॅसचा दाब ३५ अंशांना ११० ते ११५ पीएसआय असतो, मग आत साडेचारशे ग्रॅम असो की अडीचशे. घरच्या सिलिंडरसारखंच आहे हे. किती उरलाय ते वजनावरूनच कळतं. म्हणून खरी पद्धत अशी, की आतला सगळा गॅस काढायचा, व्हॅक्यूम पंप निदान अर्धा तास चालवायचा आणि बॉनेटखालच्या स्टिकरवर लिहिलेला आकडा वजनकाट्यावर मोजून भरायचा. व्हॅक्यूम कशाला, असं विचारणारे मेकॅनिक आजही भेटतात. आत शिरलेली हवा आणि ओल त्यानेच निघते. पूर्ण व्हॅक्यूममध्ये पाणी खोलीच्या तापमानालाच उकळून वाफ होतं. ओल राहिली तर ती एक्स्पान्शन वॉल्वच्या तोंडाशी गोठते आणि तेलाशी मिसळून ॲसिडही तयार करते.

जास्त गॅस म्हणजे जास्त गारवा, हाही त्याच दुकानातला समज. प्रत्यक्षात जादा गॅस कंडेन्सरमध्ये पातळ होऊन जागा अडवून बसतो, दाब वाढतो, गारवा कमी होतो आणि कॉम्प्रेसर मरतो. ओल शोषणाऱ्या ड्रायरवरच्या काचेतले बुडबुडे जाईपर्यंत भरत राहायची सवय आर-१२ या जुन्या गॅसच्या जमान्यातली आहे. आर-१३४ए ला ती लावली की हमखास जास्त भरला जातो.

“हायवेला मस्त, सिग्नलला गरम, म्हणजे गॅस कमी”

या तक्रारीत ‘काय होतं’ यापेक्षा ‘कधी होतं’ याला महत्त्व आहे. ऐंशीच्या वेगाला कंडेन्सरवर वारा आपोआप आदळतो. सिंहगड रोडला किंवा सायनच्या पुलावर गाडी अडकली की ते काम एकट्या पंख्याचं. तेव्हाच गारवा जात असेल तर पहिला संशय पंख्यावर घ्यायचा, गॅसवर नंतर.

तपासायला काही लागत नाही. गाडी उभी ठेवून एसी लावा, बॉनेट उघडा. बहुतेक गाड्यांत कॉम्प्रेसरच्या ‘टक्’ आवाजाबरोबर किंवा थोड्याच वेळात कंडेन्सरचा पंखा सुरू व्हायला हवा. झाला नाही तर फ्यूज, रिले, मोटर या क्रमाने जायचं. झाला तरी हायसं वाटून घेऊ नका. कार्बन झिजलेली मोटर फिरते, पण मरगळलेली फिरते. आणि एक गंमत जुन्या गाड्यांतच दिसते: वायरिंगमध्ये कुणीतरी हात घातलेला असतो, तारा उलट्या जोडल्या जातात आणि पंखा उलटा फिरून येणाऱ्या वाऱ्यालाच अडवतो. जाळीसमोर वहीचा कागद धरून बघा. कागद आत ओढला जायला हवा; बाहेर फडफडत असेल तर चोर सापडला.

पुढची परीक्षा जुने मेकॅनिक करतात. गाडी उभी, एसी चालू, आणि जाळीतून कंडेन्सरवर मगभर पाणी ओतायचं. मिनिटाभरात आतली हवा चटकन गार झाली तर गॅसची तक्रार बहुधा नाही, कंडेन्सरला उष्णता बाहेर टाकता येत नाहीये एवढंच. समोरून कंडेन्सर स्वच्छ दिसला तरी त्याच्या आणि रेडिएटरच्या मधल्या फटीत चिखल, पिसं, किडे, वाळलेली पानं यांची गादी बसलेली असते. ती मागून हलक्या पाण्याने धुवायची. वॉशिंग सेंटरचा प्रेशर जेट मारला तर ॲल्युमिनियमच्या पातळ पात्या आडव्या होतात आणि वाट कायमची बंद.

याच्या उलट तक्रारही येते. तासभर उत्तम, मग झरोक्यातून वाराच कमी येतो. दहा मिनिटं एसी बंद ठेवला, की खाली भरपूर पाणी सांडतं आणि पुन्हा सगळं ठीक. ही कूलिंग कॉइलवर बर्फ धरल्याची लक्षणं. कॉइल फार थंड झाली की कॉम्प्रेसर ‘कट’ करणारा सेन्सर काम करत नसतो, किंवा कॉइल धुळीने बुजलेली असते. मारुती ८०० किंवा जुन्या झेनमध्ये केबिन फिल्टर नसायचाच. सगळी धूळ थेट कॉइलवर. आंबट, ओल्या मोज्यांसारखा वास येतो तोही तिथल्या बुरशीचा. डॅशबोर्डवर अत्तराची बाटली चिकटवून बुरशी जात नाही.

“कॉम्प्रेसर गेला”

हे वाक्य सगळ्यात महाग. कॉम्प्रेसर खराब होतात, नाही असं नाही. पण तो सुरूच होत नसेल तर आधी फ्यूज, रिले आणि कॉम्प्रेसरला इंजिनाशी जोडणाऱ्या क्लचची कॉइल बघायला हवी. दाब फार उतरला की लो प्रेशर स्विच त्याला मुद्दामच सुरू होऊ देत नाही. ते संरक्षण आहे, बिघाड नव्हे. गार असताना लागणारा आणि तापल्यावर न लागणारा क्लच असेल तर त्याच्या दोन चकत्यांमधली फट वाढलेली असू शकते. ती काही दशांश मिलिमीटरची गोष्ट आहे, अनेक गाड्यांत एक पातळ वॉशर काढून भागतं. ब्लोअरचंही तेच: फक्त शेवटच्या नंबरवर चालतो आणि खालचे नंबर मेले, तर मोटर शाबूत आहे, रेझिस्टर जळलाय.

मला विचाराल तर, ‘कधी गार येत नाही?’ असं आधी विचारणारा मेकॅनिक धरून ठेवावा. आधी बाटलीकडे हात नेणाऱ्याचं दुकान बदलावं.

आता हीटर. महाराष्ट्रात त्याच्याकडे कोणी ढुंकून बघत नाही आणि तिथेच एसीचा एक छुपा वैरी दडून बसतो. इंजिनातलं गरम कूलंट दोन रबरी पायपांतून डॅशबोर्डमागच्या छोट्या रेडिएटरमध्ये, म्हणजे हीटर कोअरमध्ये जातं. काही जुन्या गाड्यांत त्या वाटेवर केबलने चालणारा कॉक असतो, बाकीच्यांत हवेची वाट वळवणारी झडप. केबल सैल झाली, कॉक अर्धवट उघडा राहिला किंवा झडप पूर्ण मिटली नाही, की कॉइलवरून गार झालेली हवा पुढे हीटरवरून पुन्हा तापून येते. गॅस पूर्ण, कंडेन्सर स्वच्छ, पंखा धडधाकट, तरीही कोमट वारा. मेकॅनिक इंजिन बंद असताना हीटरच्या एका पायपावर रबर न कापणारी चिमटी लावतो आणि मग गाडी चालू करून बघतो. गारवा लगेच सुधारला तर दोष कॉक किंवा झडपेचा. दोन्हींचा खर्च कॉम्प्रेसरच्या पासंगालाही पुरणार नाही.

हीटर लावला की पेट्रोल जास्त जातं, हे निव्वळ खोटं. इंजिनाची जी उष्णता रेडिएटर फेकूनच देणार होता, तीच आत येते. खर्च फक्त ब्लोअरच्या विजेचा. पेट्रोल जास्त जातं ते वेगळ्या कारणाने. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक, थर्मोस्टॅट कशाला?’ म्हणून अनेकांच्या गाडीतून तो काढून टाकलेला असतो. साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडणारा हा वॉल्व नसला की इंजिन हायवेला पुरेसं तापतच नाही, पेट्रोल जास्त पितं, आणि डिसेंबरात महाबळेश्वरला किंवा सिमल्याला नेलं की हीटर फुंकतो गार हवा. ओळखायचं कसं? इंजिन तापल्यावर दोन्ही पायपांना जपून हात लावा. दोन्ही कोमट असतील तर थर्मोस्टॅट नाही, नाहीतर कूलंट कमी. एक गरम आणि एक कोमट असेल तर कोअर गंजाने चोंदलीय. कूलंटऐवजी वर्षानुवर्षं नळाचं पाणी ओतल्याची ही भरपाई. दोन्ही कडक गरम असून हवा थंड, तर दोष झडपेचा. काचेवर आतून चिकट धुकं आणि गोडसर वास असेल, पायाशी गालिचा ओला असेल, तर कोअर गळतीय. गालिचा ओला पण पाणी स्वच्छ आणि बिनवासाचं, तर फक्त एसीची ड्रेन नळी तुंबलीय. एसी लावल्यावर गाडीखाली पडणारं स्वच्छ पाणी मात्र पडायलाच हवं.

घाटात इंजिन तापायला लागलं तर एसी बंद करा आणि हीटर पूर्ण उघडा. मे महिन्यात खंबाटकी चढताना हे सांगणाऱ्याला गाडीतले लोक वेड्यात काढतील, पण हीटर म्हणजे दुसरा छोटा रेडिएटरच आहे. काटा खाली यायला मदत होते. रेडिएटरचं झाकण तेव्हा उघडायचं नाही.

एसी आणि हीटर एकत्र लावले तर गाडी बिघडते, हा समज पावसाळ्यात धोक्याचा ठरतो. जुलैत ताम्हिणीत काच आतून धुकटली की नेमकं हेच करायचं असतं. कॉइल हवेतली ओल काढते, हीटर ती कोरडी हवा पुन्हा उबदार करतो, काच झटपट साफ होते. हातरुमालाने पुसत बसलं की धुकं पुन्हा धरतं.

दर उन्हाळ्यात व्हॉट्सॲपवर एक निरोप फिरतो, की उन्हात उभ्या गाडीत एसी लावला तर डॅशबोर्डमधून बेन्झिन निघतं आणि कॅन्सर होतो. त्यातला सल्ला बरोबर आहे, कारण चुकीचं. निरोपात सांगतात तेवढं बेन्झिन तिथे असतं याला आधार नाही. पण ३५ अंशांच्या दुपारी बंद गाडीतली हवा तासाभरात पन्नासच्या वर जाते. ती आधी काचा उघडून बाहेर घालवली आणि मग आतलीच हवा फिरवणारं बटण दाबलं, तर जुन्या एसीचं ओझं बरंच हलकं होतं.

एसी लावून उभ्या गाडीत झोपलेली माणसं दगावल्याच्या बातम्यांत दोष अनेकदा ‘एसीच्या गॅस’ला दिला जातो. अशा घटनांत बहुतेक वेळा मारतो तो इंजिनाच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड, ज्याला ना रंग ना वास. जुन्या गाडीचा सायलेन्सर जोडाशी गंजलेला असतो, फरशीतले रबरी बूच पडलेले असतात आणि गाडी उभी असल्याने धूर खालीच साचतो. आतली हवा फिरवायचं बटण दाबलं तरी तो फटींतून आत येतोच.