मांडीवरचा प्रवासी

कळसूबाईची उंची १,६४६ मीटर, म्हणजे साधारण ५,४०० फूट. महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. मुंबईहून न्यूयॉर्ककडे निघालेलं विमान पस्तीस-छत्तीस हजार फुटांवर पोचतं तेव्हा आत हवा दाबून भरलेली असते, पण ती जमिनीवरच्या हवेइतकी दाट कधीच नसते. जुन्या बनावटीच्या विमानांत ती सात-आठ हजार फूट उंचीच्या डोंगरावर असावी तितकी विरळ असते. बोइंग ७८७ किंवा एअरबस ए-३५० यांसारख्या नव्या विमानांत परिस्थिती जरा बरी, म्हणजे सुमारे सहा हजार फुटांची. थोडक्यात, आठ महिन्यांचं बाळ मांडीवर घेतलेली आई पंधरा-सोळा तास कळसूबाईच्याही वर बसून असते. आणि तिथवर नेऊन ठेवायला विमानाला अर्धा तासही लागत नाही.

लहान मुलाला घेऊन परदेशी जायचं ठरलं की घरात बोलणं सुरू होतं ते एकाच गोष्टीवर: विमानात रडलं तर? लोक काय म्हणतील? मग खेळणी येतात, मोबाइलवर कार्टून भरून ठेवली जातात, कुणीतरी झोपेच्या औषधाचं नाव सुचवतं. ही सगळी तयारी मुलाला गप्प ठेवण्याची. पण बाळ विमानात रडतं त्याला बहुतेक वेळा शरीरातलं कारण असतं आणि ते कारण बऱ्याचदा आधीच ओळखता येतं. तयारी करायची ती त्याच्या शरीरासाठी.

सगळ्यात आधी कान. मधल्या कानातून घशाच्या मागच्या बाजूला एक बारीक नळी उतरते. आपण गिळतो किंवा जांभई देतो तेव्हा ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. वाईहून पाचगणीला जाताना पसरणी घाटात कान उघडतात ते यामुळेच. लहान मुलांमध्ये ही नळी आखूड, अरुंद आणि बरीचशी आडवी असते. विमान चढतं तेव्हा कानातली जास्तीची हवा आपसूक बाहेर पडते, त्यामुळे चढताना सहसा फारसं बिनसत नाही. त्रास होतो उतरताना. केबिनमधला दाब वाढत जातो, नळी मिटलेलीच राहते, पडदा आत ओढला जातो आणि मूल कळवळतं. मोठा माणूस अशा वेळी आवंढा गिळतो. बाळाला ते सुचणार कसं?

म्हणून गिळायला लावायचं. अंगावरचं दूध, बाटली, चोखणी, थोड्या मोठ्या मुलाला चमच्याचमच्याने पाणी, काहीही चालेल. इथे वेळेचं गणित बरेच जण चुकवतात. विमान सुटताना धास्तीने पोटभर पाजलं जातं आणि खरी गरज असते तेव्हा मूल तोंड फिरवतं. शिवाय उतरणं म्हणजे चाकं टेकण्याचा क्षण नव्हे. विमान धावपट्टीला लागण्याच्या अर्धा तास आधीपासूनच खाली येऊ लागतं. इंजिनाचा आवाज मंदावतो, नाक किंचित खाली झुकल्यासारखं वाटतं. समोरच्या पडद्यावरचा नकाशा उंची दाखवत असतो, त्यावर लक्ष ठेवा. शेवटचं पाजणं या अर्ध्या तासासाठी राखून ठेवायचं आणि बाळाला आडवं न घेता जरा उभट धरून पाजायचं. सर्दी झालेली असेल किंवा नुकताच कान फुटला असेल तर निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांना कान दाखवून घ्यावा, कारण सुजलेली नळी गिळूनही नीट उघडत नाही.

दुसरी गोष्ट पोटाची. बाहेरचा दाब कमी झाला की पोटातला वायू फुगतो आणि आठ हजार फुटांच्या हिशेबाने तो चतुर्थांशाहून अधिक फुगतो. विमान वर गेल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने बाळ पाय पोटाशी घेऊन किंचाळायला लागलं तर कान सोडून आधी पोटाचा विचार करा. प्रत्येक पाजण्यानंतर ढेकर काढणं घरी एखाद्या वेळी राहून गेलं तर चालतं, इथे राहू देऊ नये. डायपर कमरेला सैल बांधावा. निघायच्या आदल्या दिवशी नवा पदार्थ मुळीच भरवू नये.

विमानातली हवा फार कोरडी असते, आर्द्रता बहुधा वीस टक्क्यांच्याही खाली. बाळाचं नाक सुकतं, पिताना श्वास अडखळतो आणि ते चिडतं. मेडिकलच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे नाकाचे थेंब जवळ ठेवावेत आणि नेहमीपेक्षा जास्त वेळा पाजावं. आईनेही तितकंच पाणी प्यायला हवं. याच विरळ हवेत प्राणवायूही कमी मिळतो. निरोगी मुलाला ते सोसतं, पण दिवस भरण्याआधी जन्मलेल्या, फुप्फुसाचा किंवा हृदयाचा त्रास असलेल्या बाळाच्या बाबतीत डॉक्टरांच्या सल्ल्याशिवाय तिकीट काढू नये.

आता झोपेच्या औषधाबद्दल. शंभर वर्षांपूर्वी मुंबईच्या गिरणगावात कामावर जाणाऱ्या बाया तान्ह्या पोरांना अफूची 'बाळागोळी' देऊन निजवत. पाळी चुकवली तर मजुरी बुडायची आणि घरी बघायला कुणी नसायचं. त्यांच्यापुढे दुसरी वाट नव्हती. आपल्यापुढे आहे. तरीही 'सर्दीचं सिरप दोन मिली दे, सहा तास झोपेल' हा सल्ला आजही सुशिक्षित घरांतून सर्रास दिला जातो. या सिरपांतल्या प्रोमेथाझिनसारख्या औषधाने दोन वर्षांखालच्या मुलांचा श्वास धोकादायक रीतीने मंदावू शकतो, म्हणून अमेरिकेच्या औषध नियामकाने २००४ साली त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. काही मुलं अशा औषधाने झोपण्याऐवजी उलट बेचैन होतात. आधीच विरळ हवेत, डॉक्टर हाताशी नसताना, महासागरावर हा प्रयोग करू नये.

जागेचा प्रश्न तसा खर्चाचा आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला मांडीवर नेता येतं. आंतरराष्ट्रीय प्रवासात त्याचं भाडं सर्वसाधारणपणे मोठ्यांच्या दहा टक्के पडतं. पुढच्या भिंतीला अडकवायचा पाळणा, म्हणजे बॅसिनेट, तिकीट काढतानाच मागून घ्यावा आणि विमानतळावर पुन्हा विचारावा. वजनाची मर्यादा प्रत्येक कंपनीची वेगळी असते. घेण्यापूर्वी काही गोष्टी माहीत असाव्यात. त्या रांगेत ट्रे हाताच्या दांड्यात बसवलेले असतात, त्यामुळे दांडा वर उचलून शेजारच्या खुर्चीवर मुलाला आडवं करता येत नाही. समोर भिंत असल्याने उड्डाणाच्या आणि उतरण्याच्या वेळी पिशवी पायाशी ठेवता येत नाही. आणि पट्टा बांधण्याचा दिवा लागला की झोपलेल्या बाळालासुद्धा पाळण्यातून उचलून मांडीवर घ्यावं लागतं. रात्रीतून हे दोन-चार वेळा झालं तर पाळण्याचं सुख बरंचसं संपतं. तरीही सहा-सात महिन्यांपर्यंतच्या बाळासाठी तो घ्यावा. आईचे हात तेवढेच मोकळे होतात.

मांडीवरच्या सुरक्षिततेची गोष्ट जास्त गंभीर आहे. १९ जुलै १९८९ रोजी डेन्व्हरहून शिकागोला निघालेलं युनायटेडचं २३२ क्रमांकाचं विमान आयोवा राज्यातल्या सू सिटीच्या धावपट्टीवर कोसळलं. २९६ पैकी ११२ जण दगावले. मांडीवरच्या मुलांना पायाशी जमिनीवर ठेवून धरा, अशीच तेव्हाची पद्धत होती आणि मुख्य हवाई सेविका जॅन ब्राउन यांनी पालकांना तेच सांगितलं होतं. त्यातलं एक मूल वाचलं नाही. त्याची आई समोर उभी राहिली तो क्षण ब्राउन विसरल्या नाहीत. प्रत्येक मुलाला स्वतःची जागा आणि पट्टा असलाच पाहिजे, यासाठी त्या पुढे कित्येक वर्षं झगडल्या. अपघातांचा तपास करणाऱ्या अमेरिकी मंडळानेही तीच शिफारस केली. विमानवाहतूक प्रशासनाने मात्र सक्ती केली नाही. त्यांचं म्हणणं, तिकीट सक्तीचं केलं तर काही कुटुंबं मोटारीने जातील आणि रस्त्यावर त्याहून जास्त मुलं दगावतील. हा हिशेब अमेरिकेतल्या अंतर्गत प्रवासाला लागू पडतो. मुंबईहून न्यू जर्सीला कुणी मोटारीने जाणार नाही. हेच प्रशासन पालकांना सांगतं की मुलाची सर्वांत सुरक्षित जागा म्हणजे मान्यताप्राप्त कार सीट, मांडी नव्हे. कारण अपघात दूर राहिला, पण विमानाला जोराचा हिसका बसला तर दहा किलोचं मूल कोणत्याही बापाच्या हातात राहत नाही. मे २०२४ मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणाऱ्या विमानाला म्यानमारवर असा हिसका बसला, त्यात एका प्रवाशाचा जीव गेला.

ज्यांना परवडतं त्यांनी वर्षावरच्या मुलासाठी स्वतंत्र जागा घ्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे. मूल त्यात नीट झोपतंही. नाही परवडत, तर भारतीय आणि युरोपीय कंपन्या बाळाचा छोटा पट्टा देतात, तो मोठ्यांच्या पट्ट्यात ओवून बांधायचा. मूल झोपलंय म्हणून सोडून ठेवायचा नाही.

खाण्यापिण्यात आपल्या घरांना फारसं शिकवायला नको. पोहे भाजून त्यांची बारीक पूड करून न्यावी. गरम पाणी घातलं की दोन मिनिटांत लापशी होते, वर साखर किंवा मेतकूट. नाचणीचं सत्त्व शिजवावं लागतं, त्यामुळे ते विमानात कामाचं नाही. क्रूकडून मिळणारं पाणी कडकडीत असतं, एका रिकाम्या भांड्यात घेऊन कोमट करावं. सुरक्षा तपासणीत शंभर मिलीची अट असते. २००६ मध्ये लंडनहून निघणारी विमानं द्रव स्फोटकांनी उडवण्याचा कट उघडकीला आल्यापासूनची. बाळाचं दूध, पाणी, पातळ खाणं यांना प्रवासापुरती सूट आहे, फक्त ते वेगळं काढून दाखवावं. उरलेली केळी, सफरचंदं अमेरिकेत उतरण्याआधी संपवावीत किंवा विमानातच टाकावीत.

विमानातल्या शौचालयात डायपर बदलणं ही एक कसरत आहे. कमोडच्या वर भिंतीला फळी असते, ती खाली ओढायची. तिच्यावर बाळ ठेवलं की आपल्याला उभं राहायला वीतभर जागा उरते आणि पिशवी ठेवायला कुठेच नाही. म्हणून सगळी पिशवी आत नेऊ नये. एक डायपर, चार वाइप्स, एक कोरडं झबलं-लंगोट आणि घाण भरायला एक गाठ मारता येईल अशी पिशवी, एवढ्याचं एकेक पुडकं घरूनच करून ठेवावं. आईबापांनी स्वतःसाठीही एकेक सदरा वरच्या सामानात ठेवावा. बाळ ओकलं की अंगावरच ओकतं.

आणि एक दुपटं घ्यावं, रोजच्या वापरातलं, न धुतलेलं. आजीच्या जुन्या लुगड्याचं असेल तर फारच उत्तम. अनोळखी आवाजांत आणि उजेडात बाळाला ओळखीचा वास लागतो.

एवढं करूनही मूल रडेल. रडू द्यावं, कडेवर घ्यावं, मागच्या बाजूला क्रूच्या जागेजवळ उभं राहून झुलवावं. शेजारच्या प्रवाशांना आधीच चॉकलेटं आणि माफीची चिठ्ठी वाटायची एक रीत हल्ली निघाली आहे. ती करणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, पण मला ती पटत नाही. मुलाने अजून काही केलेलं नसताना त्याच्या असण्याबद्दल माफी का मागायची? एअरएशिया एक्स कंपनीने २०१३ मध्ये लहान मुलांना मज्जाव असलेल्या रांगा सुरू केल्या, जपान एअरलाइन्स २०१९ पासून जागा निवडताना बाळ कुठे बसणार ते नकाशावर दाखवते. ज्यांना शांतता हवी त्यांनी अशी सोय जरूर घ्यावी. बाकीच्यांनी निदान टक लावून बघू नये. आईच्या हाताला कंप सुटला की मूल आणखी बिथरतं. शेजारच्या एखाद्या मावशींनी 'द्या इकडे, तुम्ही दोन घास खाऊन घ्या' म्हटलं, तर संकोच न करता द्यावं.

मार्ग निवडताना थेट विमान की मध्ये थांबा, याला एकच उत्तर नाही. रांगणाऱ्या मुलाला दुबई किंवा दोहाला दोन-तीन तास मोकळं फिरायला मिळणं बरं. अगदी तान्ह्याला थेट बरं. अबू धाबीमार्गे अमेरिकेला गेलात तर तिकडची इमिग्रेशन तपासणी अबू धाबीतच उरकते आणि पलीकडे दमलेलं मूल घेऊन रांगेत उभं राहावं लागत नाही. कागदपत्रांत दोनच गोष्टी सांगते: तान्ह्या बाळालाही स्वतःचा पासपोर्ट लागतो, आणि परतीच्या तारखेआधी मूल दोन वर्षांचं होणार असेल तर परतीला त्याची जागा विकत घ्यावीच लागते.

पोचल्यावरची पहिली रात्र सगळ्यांत अवघड. भारत आणि न्यूयॉर्क यांच्यात उन्हाळ्यात साडेनऊ तासांचं, हिवाळ्यात साडेदहा तासांचं अंतर पडतं, म्हणजे मुलाच्या दृष्टीने दिवसाची रात्र. शरीराचं घड्याळ दिवसाला तास-दीड तासच सरकतं. रात्री दोन वाजता मूल खेळायला उठतं आणि त्याला खरोखर भूक लागलेली असते, कारण पोटाच्या हिशेबाने ती जेवणाची वेळ असते. अशा वेळी दटावून निजवू नये. मंद दिवा ठेवून मऊ भात भरवावा, पडदे लावलेले असावेत, टीव्ही बंद असावा. दिवसा मात्र त्याला बाहेर उजेडात न्यावं, कितीही पेंगत असलं तरी. पुण्याला, नाशिकला येणाऱ्या नातवंडांच्या आजी-आजोबांना एक विनंती: पहिले चार-पाच दिवस घरी पाहुणे बोलावू नका, आणि सत्यनारायण पुढच्या आठवड्यावर टाका.